टपावरचा पॅडलबोर्ड आणि वाऱ्याचा हिशेब

गाडीच्या टपावर सामान बांधणे आपल्याकडे नवे नाही. एसटीच्या टपावर ट्रंका, आंब्याच्या पेट्या आणि सायकली चढवलेल्या अनेकांनी पाहिल्या आहेत, आणि त्या अनुभवातून आपली एक समजूत पक्की झाली आहे की वस्तू जितकी जड तितकी ती पडण्याची भीती जास्त, आणि हलकी असेल तर दोरीचे दोन वेढे पुरतात. पॅडलबोर्डच्या, म्हणजे उभे राहून वल्ह्याने पाण्यावर चालवायच्या लांब फळीच्या, बाबतीत ही समजूत चुकीची ठरते. बारा किलोचा बोर्ड टपावर ठेवला की त्याचे वजन गाडीला जाणवतही नाही, पण गाडी वेगात आली की तोच बोर्ड विमानाच्या पंखासारखा वागू लागतो. तो खाली पडू नये म्हणून नव्हे, तर वर उडू नये म्हणून बांधायचा असतो. ही एक गोष्ट नीट समजली, तर पुढची बहुतेक खबरदारी आपोआप सुचत जाते.

पुण्याहून मुळशी किंवा पवना धरणाच्या पाण्यावर, अथवा ताम्हिणी घाट उतरून कोकणच्या खाड्यांत बोर्ड घेऊन जाणाऱ्यांची संख्या आता वाढते आहे. यांपैकी कोणत्याही वाटेवर मोकळा रस्ता, गतिरोधक, वळणे आणि वारा या चारही गोष्टी भेटतात, म्हणून हे विवेचन अशाच प्रवासाला धरून केले आहे.

कडक बोर्ड साधारण १० ते १२ फूट लांब, ८० सेंटिमीटरच्या आसपास रुंद आणि १० ते १५ किलो वजनाचा असतो. आत थर्माकोलच्या जातीचा हलका फोम, वर काचतंतू आणि इपॉक्सीचे पातळ कवच, अशी त्याची रचना असते. सपाट बाजूने पाहिल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे २ चौरस मीटर भरते, म्हणजे घराच्या एका दारापेक्षा थोडे जास्त. दार आडवे करून टपावर ठेवले आहे आणि गाडी ताशी ९० किलोमीटर वेगाने निघाली आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणले की प्रश्नाचे स्वरूप लक्षात येते.

आता थोडा हिशेब करू. समोरून येणाऱ्या हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दीडपट झाला तर दाब सव्वादोन पट होतो आणि वेग दुप्पट झाला तर चौपट. ताशी ६० किलोमीटर वेगाला हा दाब दर चौरस मीटरला सुमारे १७ किलो वजनाइतका असतो, तर ९० ला तो ३८ किलोच्या घरात जातो. बोर्ड वाऱ्याच्या दिशेला जवळजवळ समांतर असल्यामुळे हा सगळा दाब त्याला उचलत नाही. पण त्याचे पुढचे टोक थोडेसे वर झाले आणि दाबाचा तिसरा हिस्सा उचलण्याच्या कामी लागला असे धरले, तर ६० च्या वेगाला सुमारे ११ किलोचे उचल-बळ तयार होते, म्हणजे जवळपास बोर्डाच्या वजनाइतकेच. ९० ला ते २५ किलोवर जाते. अशा वेळी समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आला, तर हवेच्या दृष्टीने गाडीचा वेग १२० होतो आणि उचल ४५ किलोच्या आसपास पोहोचते. टपाचा आकार आणि बोर्डाचा कल यांनुसार हे आकडे कमीजास्त होतील, पण त्यांचा चढता क्रम बदलणार नाही. गावातल्या रस्त्यावर एकदम घट्ट वाटणारी बांधणी महामार्गावर अपुरी का पडते, याचे उत्तर त्या क्रमात आहे.

हे बळ सगळ्या बोर्डावर सारखे वाटलेले नसते. समोरच्या काचेवर आपटलेली हवा वरच्या बाजूला वळते आणि काचेच्या वर पुढे आलेल्या बोर्डाच्या टोकाला खालून धक्का देते. होडीच्या पुढच्या टोकाला आपण नाळ म्हणतो. इथेही तोच शब्द वापरू. बोर्ड सुटण्याची सुरुवात बहुधा नाळेकडून होते. नाळ वर उचलली गेली की वाऱ्याला सामोरे येणारे क्षेत्रफळ वाढते, त्यामुळे बळ वाढते, आणि त्यामुळे नाळ आणखी उचलली जाते. पुढचा पट्टा ढिला झाल्यानंतर सावरायला फारसा अवधी मिळत नाही, तो याच कारणामुळे.

बोर्ड चढवण्यापूर्वी गाडीकडे पाहिले पाहिजे. आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या टपावर दोन्ही बाजूंना उभे रेल दिसतात, परंतु ते सगळेच भार घेणारे नसतात; कित्येक केवळ शोभेसाठी चिकटवलेले किंवा लहान स्क्रूंनी बसवलेले असतात. गाडीच्या माहितीपुस्तिकेत टपावर किती किलो भार चालतो हे दिलेले असते. तो आकडा बहुधा ५० ते १०० च्या दरम्यान असतो, आणि त्यात कॅरिअरच्या, म्हणजे टपावर आडव्या बसवायच्या, दांड्यांचे वजनही मोजायचे असते. दोन दांडे पाच किलोचे आणि दोन बोर्ड पंचवीस किलोचे धरले तरी बेरीज तीस होते, म्हणजे वजनाची मर्यादा क्वचितच आड येते. मात्र पुस्तिकेत रेलवर भार टाकण्याचा उल्लेखच नसेल, तर ते रेल शोभेचे आहेत असे मानून त्यांना काहीही बांधू नये. माझ्या मते या बाबतीत दुकानदाराच्या शब्दापेक्षा पुस्तिकेवर विश्वास ठेवावा, कारण वर खेचणारे बळ शेवटी त्या रेलच्या स्क्रूंवरच येते.

दांडे एकमेकांपासून जितके लांब बसवता येतील तितके चांगले. त्यांच्यामधले अंतर किमान ७० सेंटिमीटर तरी असावे. दांडे जवळजवळ असतील तर बोर्डाची दोन्ही टोके लांबवर मोकळी राहतात आणि लहान मुलांच्या सी-सॉप्रमाणे वरखाली होतात. दांड्यांवर फोमचे जाड आवरण चढवावे, आणि ते चढवण्याआधी दांडे व टप पुसून घ्यावेत, कारण किनाऱ्यावरची वाळू आवरणाखाली अडकली की ती बोर्डाच्या कवचावर सँडपेपरसारखी घासत राहते. ज्यांच्या गाडीला रेलच नाहीत त्यांच्यासाठी फोमच्या मऊ गाद्या आणि दारातून आत घेऊन बांधायचे पट्टे मिळतात. हे पट्टे खिडकीतून न घेता उघड्या दाराच्या वरून घ्यायचे असतात. खिडकीतून घेतले तर दारे बांधली जातात आणि उतरता येत नाही. अशी सोय जवळच्या अंतरासाठी, हळू वेगासाठी आणि एकाच बोर्डासाठी ठीक आहे. पावसात मात्र पाणी पट्ट्याच्या कडेने पाझरत थेट गाडीत येते.

बोर्ड उलटा ठेवावा, म्हणजे उभे राहण्याची बाजू खाली आणि पाण्याला लागणारी बाजू वर. कारण साधे आहे. लाटेवर चढावे म्हणून बोर्डाची नाळ वरच्या बाजूला किंचित वळवलेली असते. बोर्ड सुलटा ठेवला तर ही वळलेली नाळ पळीसारखी वारा झेलते. उलटा ठेवला की तीच नाळ बॉनेटच्या दिशेने झुकते आणि वारा तिला खाली दाबतो. नाळ पुढे असावी की मागे, यावर दोन मते आहेत. फिन म्हणजे बोर्डाच्या मागच्या टोकाला, पाण्याकडच्या बाजूने बसवलेले माशाच्या परासारखे पाते. लहान सर्फबोर्ड नेणारे बरेच जण फिनचे टोक पुढे ठेवतात, म्हणजे बोर्ड मागे सरकलाच तर फिन पट्ट्याला अडते. लांब पॅडलबोर्डसाठी मला नाळ पुढे आणि फिन काढून गाडीत ठेवलेली, ही पद्धत अधिक योग्य वाटते, कारण २० सेंटिमीटरहून उंच असलेली मधली फिन बाजूच्या वाऱ्यात बोर्डाला पिळत राहते, आणि पार्किंगच्या आडव्या दांड्याखाली पहिली तीच सापडते.

बोर्डाच्या मधोमध उचलायला खाच किंवा मूठ असते. ती सामान्यतः तोलाच्या जागीच केलेली असते, म्हणून ती दोन दांड्यांच्या बरोबर मध्ये आली की बोर्ड समतोल बसला असे समजावे. एवढे झाल्यावर डिकीचे दार पूर्ण उघडून पाहावे. ते बोर्डाच्या मागच्या टोकाला आदळत असेल तर हे आताच कळलेले बरे. दोन बोर्ड न्यायचे असतील तर शेजारी शेजारी ठेवण्यापेक्षा एकावर एक ठेवावेत, मोठा खाली आणि मध्ये जाड टॉवेल किंवा फोम. शेजारी ठेवले की दोघांच्याही बाहेरच्या कडा दांड्यांच्या बाहेर लोंबतात आणि तिथे पट्टा नीट आवळता येत नाही.

आता मुख्य काम, म्हणजे पट्टे. यासाठी २५ मिलिमीटर रुंदीचे, साध्या दातेरी बकलचे पट्टे वापरावेत: बकलमधून पट्टा ओढला की दाते त्याला धरून ठेवतात आणि कळ दाबली की सोडतात. ट्रकवर वापरतात ते हँडल मागेपुढे करून आवळायचे रॅचेट पट्टे बोर्डासाठी घेऊ नयेत. त्यांत तरफेचा जोर असतो, त्यामुळे आपल्याला हाताला काही जाणवण्याआधी बोर्डाचे पातळ कवच कडेला चिरते, आणि ती चीर पाण्यात गेल्यावर फोममध्ये पाणी शिरू देते. रबरी ताणपट्टे, ज्यांनी आपण स्कूटरवर सामान बांधतो, तेही नकोत. रबराचा गुणच ताणले जाण्याचा आहे. वाऱ्याने बोर्ड उचलला की रबर त्याला वाट करून देते.

नायलॉनच्या दोरीबद्दल मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. ताम्हिणीच्या वाटेवर पावसाची सर येऊन गेली आणि अर्ध्या तासापूर्वी तारेसारखी ताठ असलेली दोरी बोटाने उचलता येईल इतकी सैल झाली होती. नायलॉन मुळातच ताणले जाते आणि भिजल्यावर अधिकच लांबते. गाडी थांबवून पाहिली नसती तर घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात काय झाले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो. पॉलिएस्टरचा पट्टा भिजला तरी फारसा लांबत नाही, म्हणून तोच घ्यावा.

पट्टा बांधण्याची रीत अशी आहे. बकलचे टोक हातात धरून दुसरे टोक बोर्डावरून पलीकडे टाकावे. बकलच फेकले तर ते पलीकडच्या काचेवर आदळते. पलीकडे जाऊन पट्टा दांड्याखालून घ्यावा आणि पुन्हा बोर्डावरून अलीकडे आणावा. अलीकडे तो दांड्याखालून घालून बकलमध्ये ओवावा. अशा रीतीने एकाच पट्ट्याचे दोन वेढे बोर्डावरून जातात. पट्टा दांड्याखाली जातो ती जागा बोर्डाच्या कडेला अगदी लागून असावी. दूर असली तर बोर्डाला आडवे सरकायला जागा राहते. बकलखाली रबराचा तुकडा असावा, म्हणजे धातू बोर्डाला लागत नाही. मग एका हाताने, अंगाचा भार न टाकता, पट्टा खाली ओढावा. फोमचे आवरण किंचित दबले की पुरे. दोन्ही दांड्यांवर असे दोन पट्टे झाल्यावर उरलेली टोके गाठ मारून बंद करावीत किंवा दारात दाबून ठेवावीत, कारण मोकळे टोक वाऱ्यात फडफडून टपाचा रंग घालवते. वाऱ्यात पट्टा घोंघावतो तो त्याच्या सपाटपणामुळे; बांधताना त्याला मोकळ्या भागात एक-दोन पीळ दिले की आवाज थांबतो. घोंघावणे हे केवळ कानाला त्रासदायक नसते. तासन्‌तास थरथरणारा पट्टा बकलमधून हळूहळू सरकतो.

बांधून झाल्यावर बोर्डाला धरून जोराने हलवावे. बोर्ड दांड्यांवर हलता कामा नये. बोर्डासकट सगळी गाडी डोलली पाहिजे. गाडी स्थिर आणि बोर्ड तेवढा हलत असेल, तर काम अजून झालेले नाही.

हे दोन पट्टे बोर्डाला दांड्यांशी जोडतात, पण दांडेच टपावरून निसटले तर काय, हा प्रश्न उरतो. त्यासाठी नाळेपासून बॉनेटपर्यंत आणि मागच्या टोकापासून गाडी ओढण्याच्या हुकापर्यंत वेगळी दोरी बांधतात. बॉनेट उघडून आतल्या कडेच्या बोल्टखाली पट्ट्याचा फास अडकवता येतो. बॉनेट लावल्यावर दोन्ही बाजूंनी एकेक फास बाहेर राहतो, आणि नाळेपासून त्या दोन फासांकडे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन दोऱ्या जातात. या दोऱ्या ताठ असाव्यात, पण त्यांनी नाळ खाली ओढता कामा नये, कारण तसे केल्यास बोर्ड पुढच्या दांड्यावर धनुष्यासारखा वाकतो आणि एखाद्या खड्ड्यात तिथेच तडकतो. गावातल्या गावात न्यायचे असेल तर अनेक जण ही दोरी टाळतात. महामार्गावर ती टाळू नये असे माझे ठाम मत आहे. तिचा आणखी एक उपयोग असा की जोरात ब्रेक लागल्यावर बोर्ड पुढे सरकू पाहतो तेव्हा मागची दोरी त्याला धरून ठेवते. शिवाय पुढच्या दोऱ्या चालकाला समोर दिसत असतात, त्यामुळे त्या सैल पडल्या तर ते पहिल्यांदा त्यालाच कळते.

हवा भरायच्या बोर्डाची गोष्ट वेगळी आहे. त्याची हवा काढून, गुंडाळी करून तो डिकीत ठेवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, आणि तो बोर्ड बनवलाच त्यासाठी आहे. एका किनाऱ्यावरून जवळच्या दुसऱ्या किनाऱ्यावर जाताना पुन्हा पंप मारायचा कंटाळा येतो हे खरे, परंतु फुगवलेला बोर्ड उन्हात टपावर असताना आतली हवा तापते. २५ अंशांना १५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) भरलेल्या बोर्डाचे तापमान ६५ अंशांवर गेले, तर आतला दाब १९ च्या आसपास पोहोचतो. एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी गडद रंगाचा पृष्ठभाग इतका तापणे अशक्य नाही. म्हणून तसा न्यावाच लागला तर दोन-तीन पीएसआय हवा आधी सोडावी आणि वेग कमी ठेवावा, कारण मऊ बोर्ड वाऱ्यात अधिक वाकतो.

कडक बोर्डालाही हवेचा दाब सोसावा लागतो, फक्त वेगळ्या रीतीने. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. किनाऱ्यावर तापलेल्या बोर्डाच्या फोममधली हवा घाट चढताना, बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे, आणखी फुगू पाहते आणि कवच फोमपासून सुटून फुगवटे येऊ शकतात. यासाठी बोर्डावर एक लहान छिद्र आणि त्यावर स्क्रू असतो. काही बोर्डांत ते आपोआप हवा सोडते. तशी सोय नसेल तर प्रवासात हा स्क्रू थोडा ढिला करावा आणि चालकाच्या समोर एक चिठ्ठी लावावी, कारण तो ढिला राहून बोर्ड पाण्यात गेला तर आतला फोम पाणी पितो.

निघताना दोन मोजमापे मनात असावीत. पहिले उंचीचे. दीड मीटर उंचीची गाडी दांडे आणि बोर्ड धरून १.७५ मीटरच्या आसपास जाते आणि मोठी एसयूव्ही त्याहून बरीच वर, तेव्हा तळघरातल्या पार्किंगमध्ये सवयीने शिरण्याआधी फलकावरचा आकडा वाचावा. दुसरे मोजमाप गाडीबाहेर येणाऱ्या भागाचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) नुसार, भार परवानगीच्या मर्यादेपलीकडे बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला बाहेर आला तर २०,००० रुपये दंड आहे आणि तो भार उतरवण्याचा खर्चही द्यावा लागतो. बाजूला तर बोर्ड मुळीच बाहेर येऊ देऊ नये. मागे आलेल्या टोकाला लाल कापड बांधावे, म्हणजे मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ते वेळेत दिसते. बोर्डाचे टोक नेमके त्याच्या डोक्याच्या उंचीवर असते, हे विसरू नये.

पहिल्या दहा किलोमीटरनंतर एकदा थांबावे. या अवधीत फोम दबतो, पट्टे आपापल्या जागी बसतात आणि जवळजवळ दरवेळी बकलमधून एखादा इंच पट्टा ओढून घ्यावा लागतो. त्यानंतर घाट सुरू होण्यापूर्वी, घाट उतरल्यावर आणि पाऊस लागल्यास पुन्हा पाहावे. गतिरोधकांच्या हिसक्यांनी दांड्यांचे बोल्टही सैल होतात, तेव्हा त्यांची चावी गाडीतच ठेवावी. वेग ८० च्या आत ठेवण्याने उचल-बळ किती कमी होते हे वरच्या हिशेबावरून स्पष्ट आहे. डोंगराच्या आडोशातून गाडी एकदम उघड्या कड्यावर येते तिथे, आणि दुपारनंतर खाडीवरच्या पुलांवर, बाजूचा वारा अचानक लागतो. मोठी बस किंवा ट्रक समोरून गेल्यावर बसणारा हवेचा तडाखाही तसाच असतो. अशा जागी पाय ॲक्सिलरेटरवरून आधीच काढावा.

पोहोचल्यावर बोर्ड उतरवताना पुष्कळ अपघात होतात, कारण काम संपले असे वाटून लक्ष सैल झालेले असते. किनाऱ्यावर वारा असतोच. आधी पुढची-मागची दोरी सोडावी, मग एका व्यक्तीने बोर्ड धरून ठेवलेला असताना दुसऱ्याने पट्टे सोडावेत, आणि पट्टे सुटलेला बोर्ड क्षणभरही टपावर एकटा ठेवू नये. फोन घ्यायलासुद्धा नाही. पट्टे आणि बकल गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत, कारण मीठ कळ गंजवते आणि ऊन धागे कमजोर करते. पट्ट्यावर लव दिसू लागली किंवा रंग विटला की तो बदलावा. मग फिन बसवावी, चालकासमोरची चिठ्ठी काढावी, हवेचा स्क्रू हाताने घट्ट करावा आणि बोर्ड पाण्यात सोडावा.